लाडू, मनुके आणि तिसरा मजला

"आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई, २४ वर्षांची लेक आणि लाडू. लाडू म्हणजे चार वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन ४२ किलो. लेकीने हट्टाने आणला. ती त्याला 'माझं बाळ' म्हणते, स्वतःला त्याची मम्मा म्हणवते. दिवाळीत त्याला शेरवानी शिवली होती. सासूबाई म्हणतात, जनावराची जागा दाराबाहेर. घरात देवघर आहे, त्याला गॅलरीत बांधा. मागच्या रविवारी नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा आला होता. लाडू जेवत होता आणि हा जाऊन त्याच्या गळ्यात पडला. लाडूने हाताला दात लावला, थोडं रक्त आलं. लेक म्हणाली, 'तो चावला नाही, त्याने फक्त सांगितलं.' तिने हळद लावली आणि विषय मिटवला. रात्री नणंदेच्या मिस्टरांचा फोन आला, ते कुत्रं इगतपुरीकडे कुणाच्या तरी मळ्यात सोडून या, तोवर आम्ही येणार नाही. तेव्हापासून लेक धड जेवत नाही, सासूबाई बोलायच्या थांबत नाहीत आणि मिस्टर मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. त्यात लेकीला पुण्याला नोकरी लागलीय, जूनमध्ये जाईल. सकाळी साडेपाचला लाडूला फिरवायला मीच नेते. लसीचं कार्ड सापडत नाहीये. सासूबाई एवढं बोलतात, पण पूजा झाली की नैवेद्याचे मनुके गुपचूप त्यालाच देतात. संध्याकाळी कुकर लावला की तो माझ्या पायाशी येऊन बसतो. मी कुणाचं ऐकू?"

– वैतागलेली आई, इंदिरानगर

ताई,

तुमचा मेल वाचला त्याच दिवशी मी दोन ओळी उलट पाठवल्या होत्या: बाकीचं सगळं राहू द्या, आधी त्या मुलाला दवाखान्यात न्या. तुम्ही त्याच संध्याकाळी नणंदेला घेऊन गेलात, असं दुसऱ्या दिवशी कळवलंत. जीव भांड्यात पडला. तरी तो भाग इथे पुन्हा लिहिते, कारण हळद लावून विषय मिटवणारी घरं नाशकात तुमच्या एकट्याची नाहीत.

रेबीज पसरतो तो जनावराच्या लाळेतून. दात रागाने लागला की लाडाने, 'चावला' म्हणायचं की 'सांगितलं', हा वाद विषाणूला कळत नाही. लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर जवळजवळ नेहमीच वाचतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. हळद, मिरची, चुना, तंबाखू यांतलं काही भरायचं नाही. मग लस. कातडीत टोचायच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. दंडात देतात तेव्हा चौदाव्या दिवशीचा एक डोस वाढतो. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते आठवणीने विचारायचं. लस सरकारी दवाखान्यात मिळते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवायची नसते. पुढचे डोस घ्यायचे की नाहीत हे डॉक्टर ठरवतील, घरातलं कुणी नाही. आणि लाडूचं कार्ड शोधत बसू नका, ज्या डॉक्टरांकडे नेता त्यांच्याकडे नोंद असेल. तिथेही वर्षभरात लस दिल्याचं दिसलं नाही तर नजर ठेवायचे दहा दिवस संपले की देऊन टाका.

आता तुमचं घर.

तुमच्या लेकीचं ते वाक्य ऐकून नणंदेचं डोकं फिरलं असणार, आणि त्यात काही चूक नाही. पण ताई, त्या वाक्यात अर्धं खरं आहे. कुत्रा बहुतेक वेळा एकदम चावत नाही. आधी खाता खाता थबकतो, अंग ताठ करतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवतो, मग गुरगुरतो. सहा वर्षांच्या पोराला यातलं काही वाचता येत नाही. ते यायला हवं होतं शेजारच्या सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसांना. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज असा की लाडू याआधीही ताटलीवरून गुरगुरला असेल आणि कुणीतरी त्याला "गप!" म्हणून टपली मारली असेल. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरायचं सोडतो, चावायचं सोडत नाही. इशारा तेवढा जातो.

दुसरं अर्धं मात्र लेक टाळते आहे. जो कुत्रा स्वतःच्या ताटलीसाठी दात लावतो, त्याच्या घरात लहान मूल असताना दोघांना पाच मिनिटंही एकटं सोडता येत नाही. हे बाळ नाही. बाळाचे दात ४२ किलोच्या अंगाला जोडलेले नसतात. त्याच्या जेवणाची जागा ठरवा, मागची खोली किंवा गॅलरी, दार लावून. पाहुण्यांची मुलं येतील तेव्हा तो तिथेच राहील, नाहीतर पट्टा घालून मोठ्या माणसाच्या हातात. ही काही शिक्षा नव्हे. चार पाहुण्यांच्या गोंगाटात कुणी गळ्यात पडायला नको म्हणून त्याला मिळालेली सुट्टीच म्हणा.

आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवलंय, कारण चार वर्षं कुणाला न चावलेला कुत्रा एकदम दात लावतो तेव्हा पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. लॅब्रॅडोर नर साधारण २९ ते ३६ किलोचा असतो. लाडू त्यावर सहा किलो घेऊन हिंडतोय. ही जात मुळात खादाड आणि खुब्याच्या सांध्याला कच्ची. सांधे ठणकत असताना गळ्यात सहा वर्षांचं पोर लटकलं तर काय होणार? कानात पू झाला असेल, दाढ किडली असेल, काहीही असेल. घरी एक करून बघा: त्याच्या बरगड्यांवरून हलक्या हाताने बोटं फिरवा. बरगड्या हाताला लागायला हव्यात. लाडूच्या लागणार नाहीत असं मला वाटतं.

का, ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. मनुके.

आपल्या जिल्ह्याचं दैव बघा. ज्या दोन पिकांनी नाशिकला नाव दिलं, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्षांनी आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, ते नेमकं सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन शेपटी हलवत फिरतो, दुसरा तेवढ्यानेच उलट्या करून आडवा पडतो. मनुका म्हणजे सुकवलेलं द्राक्ष, त्यामुळे वजनाला वजन तोललात तर तो जास्त वाईट. आणि कांदा, मग लासलगावचा असो की घरच्या रश्शातला शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसणाचंही तेच. तेव्हा ताटातला रस्सा-भात त्याच्या भांड्यात ओतायची पद्धत असेल तर ती बंद. चॉकलेटचं तुमच्या लेकीला माहीत असणार, त्या वयाच्या मुलांना चॉकलेटचं माहीत असतं. मनुक्यांचं विचारा एकदा.

पण मला त्या मनुक्यांत दुसरंच काही दिसलं. ज्या बाई दिवसभर "कुत्र्याला बाहेर काढा" म्हणतात, त्या देवापुढचा नैवेद्य पहिल्यांदा त्यालाच देतात. सासूबाईंचं तोंड ऐकू नका, हात बघा. त्यांच्या पिढीला कुत्र्यावर माया करायला कुणी मनाई केली नव्हती. ती मोठ्याने बोलून दाखवायची रीत तेवढी नव्हती.

माझं बालपण इगतपुरी तालुक्यात गेलं. पाऊस म्हणजे काय ते मुंबईवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. आजोबांकडे डांगी बैलांची जोडी होती. डांगीची कातडी तेलकट असते, धो धो पावसात भाताच्या खाचरात दिवसभर उभा राहिला तरी पाणी अंगावरून निथळून जातं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. आजोबा तूप-हळदीचा हात घेऊन जू टेकून घट्टे पडलेल्या जागेवर अंगठा दाबत, गोल गोल, इतका वेळ की आम्हा पोरांना कंटाळा यायचा. बैल डोळे मिटून मान खाली सोडायचा. पोळ्याला आजी पुरणपोळ्यांची चळत घेऊन गोठ्यात यायची आणि आजोबा दारातच अडवायचे. "एक. एकच पोळी." आम्ही पोरं रडायचो, त्याचा सण आहे ना, त्याला पोटभर द्या! आजोबा ऐकायचे नाहीत. पुढे एका पशुवैद्याकडून कळलं, की रवंथ करणाऱ्या जनावराने एकदम गोड आणि पिठूळ खूप खाल्लं तर पोटातलं आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतंसुद्धा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना हमखास फोन येतात. आजोबांना आम्ल माहीत नव्हतं. गावात एका घरचा बैल पोळ्याच्या रात्री मेलेला त्यांनी पाहिला होता, एवढंच.

तोच माणूस बैल म्हातारा झाल्यावर बाजारात घेऊन गेला. विकून आला आणि त्या रात्री जेवला नाही. आजी काही बोलली नाही, ताट झाकून ठेवलं. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, आणि दोष म्हणूनही नाही. त्यांनी बैलाला कधी 'माझा मुलगा' म्हटलं नाही. पण त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे त्यांना आम्हा नातवंडांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हणून 'आमच्या वेळी कुत्री दारातच असायची' हे सासूबाईंचं म्हणणं मी खोडत नाही, पुरं करते. आमच्या दारातला मोत्या दिवसभर मोकळा असायचा. शेतावर जायचा, चार कुत्र्यांशी भांडायचा, रात्री चुलीच्या राखेत ऊब धरून झोपायचा. त्याला काम होतं. लाडूला तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत साखळीने बांधलंत तर तो मोत्या होणार नाही, कैदी होईल. एप्रिल-मेच्या दुपारी त्या फरशीवर चपलेशिवाय उभं राहून बघा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आणि हो, मोत्या गोचीड ताप की कशाने तरी सहाव्या वर्षी गेला. त्याच्याआधीचाही असाच गेला होता. ते कुणी मोजत नव्हतं म्हणून 'आमच्या वेळी' सगळं छान होतं.

देवघराचा प्रश्न उरला. त्याला मी उत्तर देणं शोभत नाही, ते दत्तगुरूंच्या तसबिरीतच आहे. चार कुत्री पायाशी बसलेली. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव सासूबाईंनी कीर्तनात किती वेळा ऐकले असतील! (लाडूच्या बाबतीत मात्र नामदेवांनी वाटी घरीच ठेवावी, अशी डॉक्टरांच्या वतीने विनंती.) केसांचं म्हणाल तर रोज पाच मिनिटं कंगवा फिरवला की निम्मे केस कंगव्यात येतात. हे काम तुमचं नाही. कुणाचं, ते पुढे सांगते.

नणंदेच्या मिस्टरांना काय सांगायचं? आधी माफी. 'पण', 'तरी', 'तसं नाही' यांतलं काही न जोडता. त्यांच्या मुलाला आपल्या घरात कुत्रा चावला आणि आपण हळद लावली. हे आधी मान्य करा, लेकीनेही करायला हवं, स्वतः फोन करून. त्यांचा राग कुत्र्यापेक्षा त्या हळदीवर जास्त असेल, असं मला वाटतं. त्यानंतर शांतपणे सांगा की मळ्यात सोडणार नाही. जनावराला उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे अगदीच नावापुरता, त्यामुळे दंडाची भीती घालू नका. खरं कारण सांगा. आपल्याकडे उसात, मळ्यांत बिबट्या असतो, आणि मोकळा कुत्रा म्हणजे त्याची आयती शिकार. सोफ्यावर वाढलेला, दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा लाडू तिथे किती रात्री काढेल? जेव्हा लोक 'मळ्यात सोडला, मजेत असेल' म्हणतात तेव्हा त्यांना फक्त त्याला मरताना बघायचं नसतं.

सोसायटीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ही बातमी तिथे पोहोचलीच असेल, म्हणून एवढंच: बहुमताने ठराव करून पाळीव कुत्र्याला सोसायटीत बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. याचा अर्थ जिन्यात घाण करायची मुभा आहे असा नाही. पिशवी खिशात ठेवा आणि लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, निम्मे ठराव तिथेच विरतात.

आता तुमच्या लेकीशी थोडं. हा परिच्छेद तिला वाचायला द्या.

अगं, शेरवानीबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याला ती टोचत नसेल तर घाल. स्वतःला मम्मा म्हणव, कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. मला विचारायचंय ते इतकंच, की सकाळी साडेपाचला त्याच्यासोबत कोण असतं? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? लस कोणत्या महिन्यात असते? वजन चाळीसच्या वर गेलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? या चारांतली किती उत्तरं तुझ्याकडे आहेत आणि किती आईकडे? लॅब्रॅडोर दहा-बारा वर्षं जगतो. लाडू चार वर्षांचा आहे, म्हणजे अजून सहा-आठ वर्षं. तू तोवर तिशी ओलांडलेली असशील. पुण्याला नेणार असशील तर भाड्याच्या खोलीत, दहा-दहा तास एकटा, हे नीट डोळ्यांसमोर आण. तुझ्या आठवणीने नव्हे, त्याच्या दिवसाच्या हिशेबाने. इथेच ठेवणार असशील तर पगारातून त्याचा खर्च, फिरवायला येणाऱ्या मुलाचे पैसे, आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार तू नाशकात, कंगवा घेऊन. आणि यांतलं काहीच जमणार नसेल तर ओळखीतलं, अंगण असलेलं, लहान मुलं नसलेलं घर शोधायचं. त्यांना चावण्याची गोष्ट लपवायची नाही. तसं घर देणं म्हणजे त्याला टाकणं नव्हे. जून उजाडेपर्यंत गप्प बसून आईच्या गळ्यात घालणं, हे मात्र टाकणंच आहे, फक्त घरातल्या घरात.

ताई, आता तुम्ही. सबंध पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, लेक काय म्हणते ते आहे, नणंदेचे मिस्टर काय म्हणतात तेही आहे. तुम्हाला काय वाटतं ते कुठेच नाही. कुणाचं ऐकू, एवढंच विचारलंत. पण कुकरची ओळ तुम्ही का लिहिलीत? सल्ल्यासाठी तिची काही गरज नव्हती. साडेपाचला उठून जॉगिंग ट्रॅकच्या बाहेरच्या रस्त्याने ४२ किलोचं धूड ओढत जाणारी बाई एकतर फार सोशिक असते, नाहीतर तिला ती वेळ आवडत असते. तुमचं यांतलं कुठलं आहे ते आधी स्वतःशी ठरवा. आवडत असेल तर उघड म्हणा, 'कुत्रा माझा आहे, राहील', आणि मग बाकीच्यांना कामं वाटून द्या. मालकिणीला ती वाटता येतात. आवडत नसेल तर तेही म्हणा, याच आठवड्यात, लेकीच्या पुण्याच्या बॅगा भरायच्या आत. कुत्रा नको म्हणणारी बाई वाईट नसते. मनातून नको म्हणत सहा वर्षं त्याला फिरवणारी मात्र एक दिवस पट्टा झटक्याने ओढते, आणि कुत्र्याला ते कळतं.

मिस्टरांना मोबाइल ठेवायला सांगायचं कारण हवं असेल तर डॉक्टरांची वेळ त्यांना घ्यायला सांगा. गाडी तेच चालवतील, कारण लाडू रिक्षात मावणार नाही.

आणि मनुक्यांची बरणी वरच्या फळीवर. सासूबाईंवर ओरडू नका. कारण सांगा आणि त्यांच्या हाताशी काकडीच्या चकत्यांची वाटी ठेवा. काकडी लाडूला सोसते, आणि नैवेद्यालाही चालते.